रेघांना भाव ठाऊक नसतो

दिवाळी जवळ आली की सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश हमखास फिरतो. बारकोड ८९० ने सुरू होत असेल तर वस्तू भारतीय, बिनधास्त घ्या. ६९० असेल तर चिनी, परत ठेवा. ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या टॉवरांपासून डोंबिवलीच्या चाळींपर्यंत तो मोठ्या भक्तिभावाने पुढे ढकलला जातो. तो चुकीचा आहे. ८९० वरून एवढंच कळतं, की ज्या कंपनीने हा क्रमांक घेतला तिने तो जीएस१ इंडिया या संस्थेकडून घेतला. माल चीनमध्ये बनवून न्हावा-शेव्याला उतरवला आणि त्यावर भारतीय कंपनीचा क्रमांक छापला, तरी सुरुवात ८९० नेच होणार. उलट, परदेशी कंपनीने पुण्यात बनवलेल्या वस्तूवर दुसऱ्याच देशाचे आकडे असू शकतात. मराठी कथासंग्रहाच्या मलपृष्ठावरचा बारकोड तर ९७८ ने सुरू होतो, आणि ९७८ नावाचा देशच नाही. ते आकडे पुस्तकांच्या आयएसबीएनसाठी राखून ठेवलेले आहेत. माल कुठून आला ते पाहायचं असेल तर पाकिटावर शब्दांत छापलेलं असतं, ते वाचावं.

या संदेशावर विश्वास बसतो, कारण त्या काळ्या रेघांत वस्तूची सगळी कुंडली भरलेली असते असं आपण धरून चाललेलो असतो. प्रत्यक्षात त्यांत किंमत नसते, वजन नसतं, मुदत तर नसतेच. असतो फक्त एक क्रमांक. जमिनीच्या गट नंबरावरून तिथे भात आहे की बिनशेती होऊन इमारत उभी राहिली हे समजत नाही, त्यासाठी सातबारा काढावा लागतो, तसंच हे. यंत्र क्रमांक वाचतं, दुकानाच्या संगणकातल्या नोंदीत तो शोधतं, आणि नाव, भाव, कर सगळं त्या नोंदीतून येतं. नोंद चुकलेली असेल तर यंत्र तीच चूक इमानाने बिलावर छापतं.

आपल्याकडे छापील एमआरपीची पद्धत असल्याने यात एक खास देशी गुंता होतो. शाम्पूच्या बाटलीची किंमत बदलली म्हणून तिचा क्रमांक आपल्याकडे सहसा बदलला जात नाही. आतला माल कमी-जास्त झाला, म्हणजे छापलेलं निव्वळ वजन बदललं, तर नवा क्रमांक घ्यायचा असा जागतिक नियम आहे. त्यामुळे एकाच क्रमांकाच्या, पण दोन वेगळ्या एमआरपीच्या बाटल्या एकाच फळीवर शेजारी-शेजारी बसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा तर जुना छापील भाव आणि नवा भाव यांची फळ्या-फळ्यांवर सरमिसळ झाली. रेघा त्याच होत्या. अशा वेळी बिल करणाऱ्या मुलीच्या पडद्यावर ‘यातला कुठला भाव?’ असा प्रश्न उमटतो आणि ती बाटली उलटी करून डोळ्यांनी वाचते.

किंमत बारकोडातच असते अशी एक ठळक जागा आहे: सुपरमार्केटमध्ये बटाटे किंवा सुटे काजू वजन करून त्यावर लावतात ती चिठ्ठी. तिचा क्रमांक साधारणपणे २ ने सुरू होतो. हे आकडे दुकानांनी घरच्या घरी वापरायचे, म्हणून त्यात वस्तूचा क्रमांक आणि त्या पिशवीचं वजन किंवा रक्कम गुंफलेली असते. ती चिठ्ठी दुसऱ्या दुकानात नेली तर तिचा अर्थ शून्य.

रेघांची रचना मात्र फार चतुर आहे. सारख्या रुंदीची ९५ उभी घरं, प्रत्येक काळं किंवा पांढरं. दोन्ही कडांना तीन-तीन घरांची आणि मधोमध पाच घरांची खूण. बाकीच्या ८४ घरांत प्रत्येकी सात घरांचे बारा आकडे. पण क्रमांक तर तेरा आकडी आहे! पहिला आकडा, आपल्याकडचा ८, रेघांत काढलेलाच नसतो. डाव्या अंगाचे सहा आकडे लिहायच्या दोन पद्धती आहेत, आणि कोणत्या जागी कोणती पद्धत आली त्या क्रमावरून यंत्र पहिला आकडा ओळखतं. हा खटाटोप जुन्याशी जुळवून घेण्यासाठी झाला. अमेरिकेने १९७३ मध्ये ठरवलेला बारकोड बारा आकडी होता, आणि २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी च्युइंगगमची पुडी ६७ सेंटला विकून त्याचा वापर सुरूही झाला होता. युरोपने १९७७ च्या सुमारास तेरावा आकडा आणला, तो पट्टी न रुंदावता असा रेघांच्या आड बसवला.

शेवटचा आकडा राखणदार. नमुन्यादाखल ८९०१२३४५६७८९ हे बारा आकडे घ्या. विषम जागांची बेरीज २८. सम जागांची ३४, तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. पुढच्या दहाच्या पटीला जितके कमी पडतात तो तेरावा आकडा, इथे शून्य. लेबल फाटलं म्हणून माणसाने क्रमांक हाताने टाइप केला आणि एक आकडा चुकला, तर हा हिशेब जुळत नाही आणि यंत्र नकार देतं. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी बहुधा पकडतं. फक्त त्या दोघांत पाचाचा फरक असेल, म्हणजे १ आणि ६ किंवा २ आणि ७, तर चूक सुटून जाते.

आता या रेघा जिथे राबतात त्या गोदामांकडे जाऊ, घोडबंदर रोडवरून. माजिवड्यापासून गायमुखच्या घाटातून अहमदाबाद महामार्गाला भिडणारा हा रस्ता रहिवाशांना कोंडीमुळे आणि मेट्रोच्या खोदकामामुळे परिचित आहे; पण त्या कोंडीतले निम्मे शिव्याशाप ज्यांच्या वाट्याला येतात ते कंटेनर आणि ट्रक न्हावा-शेवा, भिवंडी आणि गुजरात यांच्यामध्ये माल वाहत असतात. कापूरबावडीहून बाळकूममार्गे कशेळीची खाडी ओलांडली की काल्हेर, पूर्णा, राहनाळ. आणि नाशिक महामार्गाने खारेगाव ओलांडून गेलं की माणकोली, दापोडे, सोनाळे, पुढे पडघा. देशातल्या गोदामांच्या मोठ्या पट्ट्यांपैकी हा एक. डोंबिवलीहून मोठागाव-माणकोली पूल २०२४ मध्ये खुला झाल्यापासून तिकडूनही या गोदामांत कामाला येणं सोपं झालं.

गोदामं इथेच का उगवली? जागा स्वस्त होती, महामार्ग जवळ होते, पण मोठं कारण जकात. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागे. म्हणून व्यापारी माल हद्दीबाहेर भिवंडीच्या गाळ्यांत ठेवत आणि विक्री ठरेल तसा टेम्पोने आत नेत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. गोदामं रिकामी होतील असं काहींना वाटलं होतं. झालं उलटंच: राज्या-राज्यात छोटे डेपो ठेवायची गरज संपल्यावर कंपन्यांनी माल मोजक्या, अवाढव्य गोदामांत एकवटला. आणि त्याच्या आधीच, जून २०१३ मध्ये, अ‍ॅमेझॉनने भारतात विक्री सुरू केली तेव्हा तिचं देशातलं पहिलं गोदाम भिवंडीतच होतं.

जुन्या गाळ्यात बारकोडाशिवाय काम चालायचंच. पोत्यावर मार्का असायचा, माथाडी कामगार माल उतरवायचे, दाराशी उभा कारकून वहीत उभ्या रेघा मारून मोजायचा. वर्षानुवर्षं तिथेच काम केलेल्या माणसाला कुठली थप्पी कुणाची हे अंधारातही सांगता यायचं. अडचण होती ती वेळेची. माल सकाळी हलायचा आणि नोंद संध्याकाळी वहीतून खातेवहीत जायची. मधल्या आठ-दहा तासांत गोदामात किती माल आहे याचं खरं उत्तर कुणाकडेच नसायचं. दिवसाला पाच ट्रक असतील तर हे चालतं. तासाला हजारो घरगुती ऑर्डरी असतील तर नाही. बारकोडाने वेग आणला असं आपण म्हणतो, पण त्याचं खरं काम माल हलला त्याच क्षणी नोंद हलवणं हे आहे. गोदामातली जवळजवळ प्रत्येक भानगड हे दोन क्षण वेगळे पडल्याने होते.

खोबरेल तेलाची एक बाटली या पट्ट्यातल्या गोदामातून घोडबंदर रोडवरच्या वाघबीळच्या फ्लॅटपर्यंत कशी जाते ते पाहू. ट्रक धक्क्याला लागतो. ज्याला तिथे ‘इनवर्ड’ म्हणतात त्या टप्प्यावर आधी खोकी मोजली जातात. खोक्यावरचा बारकोड बाटलीवरच्याहून वेगळा, सहसा चौदा आकडी. त्याचा पहिला आकडा एकाच मालाच्या वेगवेगळ्या बांधण्या वेगळ्या ओळखायला वापरतात. मागवली होती २०० खोकी, स्कॅन झाली १९८. दोन ‘शॉर्ट’ म्हणून लागलीच नोंद होते, ट्रकवाल्याची सही घेतली जाते आणि माल मिळाल्याची पावती, म्हणजे जीआरएन, तयार होते. इथे एक चूक नेहमी टपलेली असते. २४ बाटल्यांच्या खोक्याची नोंद संगणकात एक नग म्हणून झाली, तर माल असून पडद्यावर तुटवडा. एका बाटलीची नोंद खोकं म्हणून झाली, तर पडद्यावर सुबत्ता आणि फळीवर ठणठणाट. नवीन उत्पादन पहिल्यांदा आत घेताना खोक्यात किती नग हे प्रत्यक्ष खोकं फोडून मोजणारा पर्यवेक्षक दिसला, तर ते गोदाम बरं चाललंय असं समजायला हरकत नाही.

पुढचं पाऊल ‘पुटअवे’, म्हणजे माल जागेवर ठेवणं. इथे बारकोड वस्तूला असतो तसा जागेलाही असतो. रॅकच्या प्रत्येक खणावर लेबल: कुठली गल्ली, कितवा रॅक, कितवा मजला, कुठला कप्पा. कामगार आधी खोकं स्कॅन करतो, मग खण. या जोडीमुळेच ई-कॉमर्सची मोठी गोदामं घरच्या माणसाला वेडगळ वाटेल अशा तऱ्हेने माल ठेवू शकतात. एकाच खणात तेलाची बाटली, मोबाइलचं कव्हर, कुकरची शिट्टी आणि एखादी कादंबरी. तेलाच्या बाटल्या दहा वेगळ्या गल्ल्यांत विखुरलेल्या. याला अस्ताव्यस्तपणा म्हणू नये, कारण यात जागा फुकट जात नाही. आणि मिळत्याजुळत्या वस्तू शेजारी नसल्याने १०० मिलीऐवजी २०० मिलीची बाटली उचलली जाण्याची शक्यताही घटते. शिस्त सगळी संगणकाच्या स्मरणात. मात्र एखाद्याने बाटली उचलून न स्कॅनता शेजारच्या खणात ठेवली, की ती हरवलीच. ती असते तिथेच, डोळ्यांसमोर. पण लाखो नगांच्या गोदामात संगणकाला ठाऊक नसलेली वस्तू शोधायला कोण जाणार?

ऑर्डर आली की माल उचलणाऱ्या कामगाराच्या, म्हणजे पिकरच्या, हातातल्या यंत्रावर खणाचा पत्ता येतो. यंत्राला बहुतेक ठिकाणी ‘गन’ म्हणतात. पिकरचा बराचसा वेळ उचलण्यात जात नाही, चालण्यात जातो. म्हणून दहा-वीस ऑर्डरींचा माल एका फेरीत उचलायचा आणि गल्ल्यांचा क्रम यंत्राने ठरवायचा. खण स्कॅन, बाटली स्कॅन, ट्रे स्कॅन. चुकीची बाटली असेल तर आवाज बदलतो, लाल पट्टी येते, पुढे जाताच येत नाही. तरी माणूस वाट काढतोच. तीन बाटल्या हव्या असतील तर तिन्ही स्कॅन करायच्या. घाईतला पिकर एकच बाटली तीनदा दाखवतो आणि उरलेल्या दोन न बघता उचलतो. त्यांतली एक जास्वंदीची निघते. तासाला अमुक इतके नग अशी मोजणी डोक्यावर असली की हे होणारच, आणि यात दोष मी पिकरला आधी देणार नाही.

पॅकिंगच्या टेबलावर एक महत्त्वाचा बदल होतो. आतापर्यंतचा क्रमांक वस्तूच्या प्रकाराचा होता. त्या जातीच्या सगळ्या बाटल्यांवर तोच. आता खोक्यावर जे लेबल लागतं त्यावरचा क्रमांक जगात एकाच पार्सलचा. म्हणून तुम्हाला ‘माजिवड्याच्या केंद्रात पोहोचलं’ असा निरोप येतो तो पार्सलबद्दल असतो, बाटलीबद्दल नाही. प्रकार आणि एकेक नग यांतला हा फरक न कळल्याने छोटे विक्रेते अनेकदा गोंधळतात. दोन विक्रेत्यांनी एकाच कंपनीचं तेल एकाच गोदामात ठेवलं तर कंपनीच्या बारकोडावरून कुठली बाटली कुणाची हे सांगता येत नाही. म्हणून अ‍ॅमेझॉनच्या गोदामात विक्रेत्याचं वेगळं लेबल लावायची सोय आहे, साधारण एक्स-शून्य-शून्यने सुरू होणारं. ते लावताना कंपनीचा मूळ बारकोड झाकायचा असतो. दोन्ही उघडे राहिले तर यंत्र कुठला वाचेल याचा नेम नाही.

पुढे छाटणी, गाडी, वितरण केंद्र. ठाण्यात जड वाहनांना ठराविक वेळांतच प्रवेश असल्याने गोदामातलं शेवटचं स्कॅन किती वाजता झालं यावर बाटली आज पोहोचणार की उद्या हे ठरतं. गायमुखच्या घाटात ट्रक बंद पडला तर मात्र सगळ्या रेघा हतबल.

दहा-पंधरा मिनिटांत घरपोच देणाऱ्या सेवांनी या साखळीला आणखी एक मजला चढवला. वस्ती दाट आणि मनोरे उंच असलेल्या भागांत, गिऱ्हाइकाला प्रवेश नसलेल्या दुकानांतून, ज्यांना डार्क स्टोअर म्हणतात, माल निघतो. मोठ्या गोदामाची हीच पद्धत, फक्त चिमुकली आणि घाईची. वस्तू काही हजार, उचलायला मिनिटं मोजकी. इथे पडद्यावरचा आकडा आणि फळीवरचा माल यांत एका नगाचाही फरक थेट गिऱ्हाइकाला दिसतो. अ‍ॅपवर ‘एकच शिल्लक’ दिसतं, तुम्ही पैसे भरता, आणि दोन मिनिटांनी वस्तू उपलब्ध नाही म्हणून परतावा. ती एक वस्तू फुटलेली असते, कुठल्यातरी खणाच्या मागे पडलेली असते, किंवा परत आलेल्या मालाच्या ढिगात नोंदीविना बसलेली असते. उपाय जुनाच: मोजणी. वर्षातून एकदा गोदाम बंद करून मोजण्यापेक्षा रोज थोडे खण मोजायचे, आणि मोजणाऱ्याला संगणकातला आकडा दाखवायचा नाही. दाखवला की मोजणी त्या आकड्याशी जुळतेच, हा अनुभव कुठल्याही जुन्या गोदामवाल्याला विचारा.

मुदत हा या सगळ्यातला सर्वांत दुबळा सांधा. बाटलीवरच्या तेरा आकड्यांत ती नसल्याने माल आत घेताना कुणीतरी बॅच आणि तारीख वेगळी भरावी लागते. ती भरली तरच ‘जे आधी संपणार ते आधी काढा’ असं यंत्र सांगू शकतं. नाही भरली, किंवा खोक्यावरची एक तारीख सगळ्या थप्पीला लावून मोकळं झालं, की शिळा माल फळीवर राहतो आणि बीप मात्र तितक्याच खणखणीत आवाजात होत राहते. जून २०२५ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने धारावीतल्या एका डार्क स्टोअरचा परवाना निलंबित केला. तिथे सापडलेल्या त्रुटींत मुदत संपलेला माल चांगल्या मालापासून वेगळा न ठेवणं हीही होती. अशा दुकानात स्कॅनर असतातच. तारखेचा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही, तर ते आपणहून सांगत नाहीत.

डोंबिवलीत घरून मसाले, लोणची, फराळ विकणाऱ्यांना किंवा कोलशेतच्या छोट्या गाळ्यातून कपडे पाठवणाऱ्यांना यातलं किती लागतं? माझं मत: फक्त आपल्याच खोलीतला साठा सांभाळायचा असेल तर बाहेरून क्रमांक विकत घ्यायची काहीच गरज नाही. स्वतःचे साधे क्रमांक ठरवावेत, थर्मल प्रिंटरवर लेबलं काढावीत, मोबाइलचा कॅमेरा किंवा स्वस्तातला स्कॅनर घ्यावा. थालीपीठ भाजणी अर्धा किलो आणि एक किलो यांना वेगवेगळे क्रमांक, एवढी शिस्त पाळली तरी अर्धे घोळ मिटतात. माल सुपरमार्केटच्या फळीवर किंवा मोठ्या संकेतस्थळावर जाणार असेल तेव्हा जीएस१ इंडियाकडूनच नोंदणी करावी. इंटरनेटवर सुटे क्रमांक स्वस्तात विकणारे भेटतात; तो क्रमांक दुसऱ्याच कंपनीच्या नावावर निघाला तर तुमचं लोणचं फळीवरून खाली उतरतं.

छपाईतही थोडं जपायचं. ठरलेला आकार ३७.२९ बाय २५.९३ मिलिमीटर, त्याच्या ८० टक्क्यांच्या खाली जायचं नाही. डाव्या-उजव्या बाजूची कोरी जागा नक्षीने भरायची नाही. रेघा कुठे सुरू होतात ते यंत्राला तिथूनच कळतं. आणि पाकीट शोभिवंत व्हावं म्हणून पांढऱ्यावर लाल रेघा छापायचा मोह टाळायचा. पुष्कळ स्कॅनरांचा प्रकाश लाल असतो, त्याला लाल रेघ पांढरीच दिसते. रॅकवरच्या लेबलांसाठी रिबनची छपाई घ्यावी; साधं थर्मल लेबल पत्र्याच्या शेडखालच्या उन्हाळ्यात काही महिन्यांत विटतं. पार्सलवर ते चालतं, कारण त्याचं आयुष्यच चार दिवसांचं.

तारखेचा सांधा बुजवायची सोय आता येते आहे. जपानच्या डेन्सो कंपनीत १९९४ मध्ये जन्मलेल्या क्यूआरसारख्या चौकोनी खुणेत क्रमांकाच्या जोडीला बॅच, मुदत आणि एकेका नगाचा स्वतंत्र क्रमांकही मावतो. भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या आघाडीच्या ३०० औषधांवर असा कोड किंवा बारकोड सक्तीचा आहे, आणि त्यात बॅच व मुदतही नोंदलेली असते. किराण्याच्या बाबतीत, २०२७ च्या अखेरीपर्यंत जगभरच्या दुकानांतली बिलाची यंत्रं या चौकोनी खुणाही वाचू शकतील असं जीएस१ने ठरवलं आहे. तसं झालं तर मुदत उलटलेली बाटली बिलाच्या टेबलावरच अडवता येईल. पण यंत्राला ती वाचता येणं आणि दुकानदाराने अडवायची सूचना चालू ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोवर घरी आलेल्या पिशवीतली प्रत्येक वस्तू उलटी करून तारीख आपणच वाचावी, आणि उलटलेली निघाली तर परतावा घेऊन गप्प न बसता पाकिटाच्या छायाचित्रासह अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी.